आगीचा गोळा खांबामागे पोहोचतो का? टेबलटॉप खेळांतील प्रभावक्षेत्राचे नियम

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचे सुधारित नियमपुस्तक २०२४ मध्ये आले, तेव्हा 'फायरबॉल' या त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध मंत्राच्या वर्णनातून एक छोटे वाक्य गळाले. ही आग कोपऱ्यांना वळसा घालून पसरते, असे २०१४ च्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेले होते. नव्या पुस्तकात तसे काहीच म्हटलेले नाही. वाक्य लहान असले तरी त्याचा परिणाम लहान नाही, कारण जुन्या नियमाप्रमाणे जाड खांबामागे लपलेला शत्रू होरपळत असे आणि नव्या नियमाप्रमाणे तो सुखरूप राहतो. काही गट अजून जुनी पुस्तके वापरतात, काही नव्यांकडे वळले आहेत, आणि काहींच्या टेबलावर दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी पडलेली असतात. मग एकाच मंत्राची दोन उत्तरे निघतात, खेळ थांबतो आणि अर्धा तास वाद चालतो.

असे वाद मी खेळाडू म्हणूनही अनुभवले आहेत आणि खेळ चालवणारा म्हणूनही. माझे निरीक्षण असे आहे की नियम अपुरे असल्यामुळे होणारे वाद थोडे असतात. बहुतेक वाद होतात ते वेगवेगळे प्रश्न एकत्र कालवल्यामुळे. मंत्राचा परिणाम कुठून सुरू होतो, त्याचा आकार कोणता, त्याला कशाने अडवले जाते, त्यात कोण सापडते आणि कोणत्या क्षणी सापडते, हे पाच वेगळे प्रश्न आहेत आणि ते याच क्रमाने सोडवावे लागतात. 'खांबामागचा शत्रू जळेल का?' हा प्रश्न तिसऱ्या पायरीवरचा आहे. पहिल्या दोन पायऱ्या न चढता त्याचे उत्तर देऊ गेले की गोंधळ ठरलेला.

आधी खेळाविषयी थोडेसे

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, आणि एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम, होऊन जगाचे वर्णन करतो, शत्रूंची बाजू सांभाळतो आणि नियमांचा निवाडा करतो. पात्राची कृती सफल झाली की नाही हे फासे ठरवतात. लढाई कधी केवळ बोलण्यातून चालते, तर कधी चौकटी आखलेल्या नकाशावर. तेव्हा एक चौकट म्हणजे सहसा ५ फूट धरतात.

जादूगाराचे काही मंत्र एकाच व्यक्तीवर चालतात, तर काही जागेचा एक तुकडाच व्यापतात. त्या तुकड्याला आपण प्रभावक्षेत्र म्हणू. त्यात सापडलेल्या पात्राला बहुतेक वेळा सेव्हिंग थ्रो करता येतो, म्हणजे फासा टाकून स्वतःला वाचवण्याचा प्रयत्न. फायरबॉलचे उदाहरण घेतले तर १५० फुटांच्या आतला एक बिंदू निवडायचा, त्या बिंदूभोवती २० फूट त्रिज्येचा आगीचा गोल उमटतो, सहा बाजूंचे ८ फासे टाकून जेवढी बेरीज होईल तेवढी इजा होते, आणि ज्याचा सेव्हिंग थ्रो यशस्वी झाला त्याला त्याच्या निम्मी. इजेचे फासे सगळ्यांसाठी मिळून एकदाच टाकतात, प्रत्येकासाठी वेगळे टाकत नाहीत. हा नियम नवख्या गटांकडून हमखास निसटतो.

तोफखान्यातून आलेली कल्पना

मंत्रांना फुटांत मोजलेले क्षेत्रफळ असावे, ही कल्पना परीकथांमधून आलेली नाही. तिचे मूळ युद्धखेळांत आहे. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या 'चेनमेल' या १९७१ च्या युद्धखेळात, लहान शिपायांच्या पुतळ्यांमध्ये जादूगाराचा पुतळाही आणता येत असे आणि त्याच्या आगीच्या गोळ्याचे क्षेत्र मोठ्या दगडफेकी यंत्राच्या माऱ्याएवढे, तर विजेच्या लोळाचे जड तोफेच्या माऱ्याएवढे धरलेले होते. जादूगार म्हणजे चालता-बोलता तोफखाना! गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला, तेव्हा मोकळ्या रणांगणासाठी ठरवलेली ही मापे तळघरातल्या अरुंद बोळांत येऊन पोहोचली, आणि आज आपण ज्यावर भांडतो त्यातल्या पुष्कळ अडचणींची सुरुवात तिथेच झाली.

मैदानावर गोळा फुटला की तो गोल पसरतो, त्यात वादाला जागा नाही. पण १० फूट रुंद आणि १० फूट उंच बोळात २० फूट त्रिज्येचा गोल मावणार कसा? १९७८ च्या नियमपुस्तकाने याचे उत्तर भौतिक पद्धतीने दिले. त्यानुसार आगीचे घनफळ कायम राहते, सुमारे ३३,००० घनफूट, आणि ती जागेचा आकार घेते. २० फूट त्रिज्येच्या गोलाचे घनफळ शाळेतल्या सूत्राने काढले तर साधारण ३३,५०० येते, म्हणजे आकडा हवेतला नव्हता. आता त्या बोळाचा छेद १०० चौरस फूट आहे हे लक्षात घ्या: ३३,००० भागिले १०० म्हणजे ३३० फूट. स्फोटाच्या जागेपासून दोन्ही बाजूंना १६५ फुटांपर्यंत आग धावणार. त्या काळात कितीतरी जादूगार स्वतःच्याच आगीत सापडले असतील, आणि नियमाच्या दृष्टीने ते योग्यच होते. विजेचा लोळही तेव्हा भिंतीवर आपटून परत येत असे.

नंतरच्या आवृत्त्यांनी हे गणित सोडून दिले. त्यामागे आळस नव्हता. लढाईच्या मध्येच घनफळाचे भागाकार करत बसणे खेळाला परवडत नाही, हे अनुभवाने पटले होते. मात्र त्या जुन्या नियमात एक प्रामाणिकपणा होता, तो मला आजही आवडतो: आग ही वस्तू आहे आणि तिला जागा लागते, असे तो नियम मानत होता.

उगमबिंदू: मोजणी कुठून सुरू होते

प्रत्येक प्रभावक्षेत्राला एक उगमबिंदू असतो. परिणाम तिथून बाहेर पसरतो आणि पुढच्या सगळ्या मोजण्या तिथूनच करायच्या असतात. ही गोष्ट वाचायला सोपी वाटते, तरी निम्मे वाद तिच्यापाशीच अडतात, कारण आपली नजर आपोआप जादूगाराकडे जाते. अंगणात बाग शिंपडणारा फिरता फवारा ठेवला आहे असे समजा. नळ घराच्या कोणत्या बाजूला आहे याने कोणती झाडे भिजणार हे ठरत नाही. फवारा कुठे ठेवला यावरून ठरते. नळीची लांबी एवढेच सांगते की फवारा नळापासून किती दूर नेता येईल. जादूगार म्हणजे नळ, मंत्राचा पल्ला म्हणजे नळी, आणि उगमबिंदू म्हणजे फवारा.

यातून दोन गोष्टी लगेच स्पष्ट होतात. पहिली, १५० फूट पल्ल्याच्या फायरबॉलने १७० फुटांवरचा शत्रूही जळू शकतो, कारण पल्ला बिंदूला लागू आहे, आगीला नाही. दुसरी, शत्रू आणि जादूगार यांच्यामध्ये भिंत असली म्हणून शत्रू वाचतोच असे नाही. भिंत शत्रू आणि उगमबिंदू यांच्यामध्ये आहे का, हे पाहावे लागते. बिंदू भिंतीच्या पलीकडे ठेवण्याइतका मोकळा मार्ग जादूगाराला मिळाला, एखाद्या उघड्या खिडकीतून का होईना, तर भिंतीचा आडोसा व्यर्थ ठरतो.

मार्ग नसेल तर काय? यावर नियम स्पष्ट बोलतो. जो बिंदू दिसत नाही आणि ज्याच्या वाटेत भिंतीसारखा अडथळा आहे, असा बिंदू कोणी निवडला तर उगमबिंदू अडथळ्याच्या अलीकडच्या बाजूला, म्हणजे जादूगाराच्या बाजूला, तयार होतो. अंधारात अंदाजाने फेकलेला आगीचा गोळा आपल्याच समोरच्या भिंतीशी फुटू शकतो. काही डीएम अशा वेळी दया दाखवून मंत्र परत घेऊ देतात. मी देत नाही, पण 'तुला तो बिंदू दिसत नाही' एवढे आधी आवर्जून सांगतो, कारण पात्राला जे माहीत असते ते खेळाडूपासून लपवणे न्याय्य नाही.

प्रकाश की धूर?

आता खांबाकडे येऊ. बंद खोलीत एक दिवा लावा आणि कोपऱ्यात थोडा धूर करा. दिव्याचा प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून कपाटाच्या मागे सावली पडते. धूर मात्र कपाटाला वळसा घालून मागेही पोहोचतो. मंत्रांचे परिणाम या दोन जातींचे असतात आणि कोणता मंत्र कोणत्या जातीचा हे त्याच्या वर्णनातच शोधायचे असते.

२०१४ आणि २०२४ या दोन्ही पुस्तकांचा मूळ नियम प्रकाशाचा आहे. उगमबिंदूपासून एखाद्या जागेपर्यंत एकही मोकळी सरळ रेषा जात नसेल, तर ती जागा प्रभावक्षेत्रात धरली जात नाही. आणि रेषा अडली असे म्हणायला अडथळ्याने पूर्ण आडोसा दिला पाहिजे. अर्धवट आडोशाने जागा वगळली जात नाही, फक्त वाचण्याची शक्यता वाढते: अर्ध्या आडोशाला चपळाईच्या सेव्हिंग थ्रोमध्ये २ ची भर, तीन-चतुर्थांश आडोशाला ५ ची. हा आडोसाही उगमबिंदूपासून मोजायचा, जादूगारापासून नाही. जादूगाराकडे तोंड करून बुटक्या भिंतीआड बसलेल्या धनुर्धाऱ्याच्या मागेच स्फोट झाला, तर ती भिंत त्याच्या काही कामाची नाही.

धुराची जात हा अपवाद आहे आणि तो लिहून दिलेला असावा लागतो. २०१४ च्या पुस्तकात फायरबॉलबरोबरच धुके आणि दुर्गंधीचे ढग निर्माण करणाऱ्या मंत्रांतही कोपऱ्यांना वळसा घालण्याचा उल्लेख आहे. नव्या पुस्तकाने फायरबॉलमधून तो काढला, म्हणजे फायरबॉल धुराच्या जातीतून प्रकाशाच्या जातीत गेला. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे, फक्त ते देण्याआधी टेबलावर कोणते पुस्तक चालते हे ठरलेले असावे लागते.

आग वळसा घालून किती दूर जाते, यावर मात्र २०१४ चे पुस्तक गप्प आहे. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हा प्रश्न सोडवलेला होता. तिथे फायरबॉलसारख्या पसरणाऱ्या परिणामांचे अंतर प्रत्यक्ष वाटेने मोजायचे होते: आग कोपऱ्यापर्यंत १२ फूट गेली असेल, तर वळल्यावर तिच्याकडे ८ फूट उरतात. मला हा नियम सर्वांत समंजस वाटतो, आणि २०१४ चे पुस्तक वापरताना मी तोच लावतो. आपली दोरी २० फुटांची आहे, ती खांबाला घासून वळवली तरी लांबत नाही, एवढे सांगितले की कोणालाही पटते.

काचेचे काय, हा प्रश्न हमखास येतो. बंद काचेतून दिसते, मग मंत्रही जाईल असे वाटते. इथे प्रकाशाचा दाखला आपल्याला फसवतो. नियमाला पारदर्शकता कळत नाही. त्याला फक्त अडथळा कळतो, आणि बंद खिडकीची काच हा घन अडथळा आहे. काच फोडली किंवा खिडकी उघडली की प्रश्न मिटतो.

शंकू, घन आणि इतर आकार

२०१४ च्या पुस्तकात पाच आकार आहेत: गोल, शंकू, घन, वृत्तचिती आणि रेषा. २०२४ मध्ये 'एमॅनेशन' या सहाव्या आकाराची भर पडली. तो एखाद्या प्राण्याच्या किंवा वस्तूच्या अंगापासून सर्व दिशांना ठरावीक अंतर व्यापतो आणि त्याच्याबरोबर चालतो. गोल आणि रेषा समजायला कठीण नाहीत. घोटाळा होतो तो शंकू आणि घन यांच्यात.

शंकूचा नियम एका वाक्यात मावतो: टोकापासून जेवढे अंतर, तेवढी तिथली रुंदी. ६० फुटांचा शंकू शेवटी ६० फूट रुंद असतो आणि १० फुटांवर तो केवळ १० फूट रुंद असतो. भूमितीने पाहिले तर टोकाचा कोन सुमारे ५३ अंश येतो. पाथफाइंडर या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र शंकू म्हणजे पाव वर्तुळ, ९० अंशांचे. तो खेळ खेळून आलेला माणूस डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये शंकू जास्त फाकवतो, आणि त्यात त्याची लबाडी नसते, सवय असते.

घनाची गोष्ट अधिक अवघड आहे. घनाचा उगमबिंदू त्याच्या मध्यभागी नसून कोणत्याही एका पृष्ठावर असतो. 'थंडरवेव्ह' हा मंत्र जादूगारापासून निघणारा १५ फुटांचा घन आहे. बहुसंख्य लोक तो जादूगाराला मध्यभागी ठेवून काढतात, जणू गडगडाट चारही बाजूंना जातो आहे. मी स्वतः बराच काळ तसाच खेळवत होतो. वर्णन नीट वाचले तर जादूगार घनाच्या एका बाजूला चिकटून उभा असतो, तीन चौकटी रुंद आणि तीन चौकटी खोल असा ठोकळा त्याच्या समोर येतो, आणि तो ठोकळा डावी-उजवीकडे सरकवता येतो, कारण बिंदू पृष्ठाच्या मध्यावरच असावा असे कुठे म्हटलेले नाही. मागे उभ्या असलेल्या मित्रांच्या दृष्टीने हा फरक जीव वाचवणारा आहे. शंकू, घन, रेषा आणि एमॅनेशन यांत उगमबिंदू स्वतः क्षेत्रात धरला जात नाही, टाकणाऱ्याची इच्छा असेल तरच धरतात. गोल आणि वृत्तचितीत तो धरलेलाच असतो. म्हणून फायरबॉल स्वतःच्या पायाशी टाकणारा जादूगार जळतो आणि थंडरवेव्ह टाकणारा उडून पडत नाही.

चौकटींवर गोल काढताना

कागदावरचा नकाशा चौकोनी, आणि मंत्र गोल. २० फूट त्रिज्या म्हणजे ४ चौकटी. केंद्र चार चौकटी जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर ठेवायचे, हे सर्वमान्य आहे. पण त्यात किती चौकटी येतात? खऱ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौकटींएवढे भरते. २०१४ च्या डीएम-पुस्तकाचा नियम म्हणतो की वर्तुळाने निम्मी किंवा अधिक झाकलेली चौकट आत धरावी. मी मोजून पाहिले, त्या ५२ होतात. तिसऱ्या आवृत्तीची पद्धत वेगळी होती. तिरके जाताना पहिली चौकट ५ फूट, दुसरी १०, तिसरी पुन्हा ५ असे मोजायचे. त्या हिशेबाने ४४ येतात. आणि तिरकी चौकटही सरळ चौकटीएवढीच मोजली, जशी २०१४ मध्ये चालण्यासाठी मोजतात, तर ८ गुणिले ८ असा चौरसच तयार होतो: ६४ चौकटी. एकाच मंत्राला ४४, ५२ किंवा ६४. काठावर उभ्या असलेल्या पात्राचे भवितव्य अक्षरशः मोजण्याच्या पद्धतीवर ठरते.

यातली कोणतीही पद्धत चुकीची नाही. ५२ वाली पद्धत खऱ्या वर्तुळाच्या सर्वांत जवळ आहे आणि मी ती वापरतो. त्यासाठी पुठ्ठ्याची एक चकती कापून ठेवली की मोजावेही लागत नाही. आक्षेपार्ह गोष्ट एकच: आधी मंत्र टाकू द्यायचा, मग कोण आत आले ते पाहायचे, आणि त्यानंतर सोयीची पद्धत निवडायची.

उंचीही विसरू नये. गोल हा गोल आहे, थाळी नाही. उगमबिंदू जमिनीपासून १५ फूट उंच ठेवला, तर जमिनीवर पडणाऱ्या त्याच्या छेदाची त्रिज्या पायथागोरसच्या नियमाने सुमारे १३ फूटच उरते. हुशार जादूगार याचा उपयोग करतात: उडणारा राक्षस वर सापडतो आणि खाली कडेला उभे असलेले मित्र वाचतात.

नेम धरणे वेगळे, सापडणे वेगळे

एखाद्यावर थेट मंत्र टाकायचा तर तो पूर्ण आडोशाआड असून चालत नाही, आणि अनेकदा तो दिसावाही लागतो. पण क्षेत्रव्यापी मंत्राला दिसणे-न दिसणे कळत नाही. अदृश्य चोर फायरबॉलच्या आत असेल तर तो अदृश्यपणेच भाजतो. 'मला तो दिसतच नाही, मग मी त्याला कसे लक्ष्य करू?' या प्रश्नाचे उत्तर असे की तू त्याला लक्ष्य केलेच नाहीस. तू एक बिंदू निवडलास.

मित्रांनाही हेच लागू होते, आणि इथे मराठीतली जुनी म्हण तंतोतंत बसते: सुक्याबरोबर ओलेही जळते. वर्णनात 'प्रत्येक प्राणी' असे शब्द असतील तर मित्र-शत्रू हा भेद संपला. 'तुमच्या निवडीचे प्राणी' असे असेल तरच निवडता येते. काही पात्रांना यातून वाट काढण्याचे खास कौशल्य मिळते. विध्वंसक मंत्रांत पारंगत असलेला जादूगार मंत्राच्या पातळीपेक्षा एकाने जास्त प्राणी वाचवू शकतो, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या फायरबॉलमधून चौघे. असे कौशल्य स्वतंत्रपणे कमवावे लागते, यातूनच मूळ नियम किती निष्ठुर आहे ते कळते.

वस्तूंचा प्रश्नही याच जातीचा आहे. 'प्रत्येक प्राणी' यात खुर्ची येत नाही. फायरबॉलच्या वर्णनात कोणी अंगावर किंवा हातात न घेतलेल्या ज्वलनशील वस्तू पेटतात असे वेगळे सांगितले आहे, म्हणून टेबलावरचा नकाशा जळेल आणि चोराच्या पिशवीतला जळणार नाही. जिथे वस्तूंचा उल्लेखच नाही, तिथे त्या आपोआप नष्ट होत नाहीत.

टिकून राहणारी क्षेत्रे आणि 'पाळी' या शब्दाचे महत्त्व

फायरबॉल क्षणात संपतो. काही मंत्र मात्र जागेवर टिकून राहतात, आणि तिथे केव्हा इजा होते हे शब्दाशब्दाने वाचावे लागते. लढाईत सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक फेरी पूर्ण होते. खेळातल्या काळात ती सुमारे ६ सेकंदांची असते. २०१४ च्या 'मूनबीम' या मंत्रात, ५ फूट त्रिज्येच्या आणि ४० फूट उंचीच्या प्रकाशस्तंभात, प्राणी 'एखाद्या पाळीत प्रथमच शिरला किंवा तिथे त्याची पाळी सुरू झाली' तर त्याला इजा होते. 'फेरीत' असे म्हटलेले नाही. म्हणजे शत्रूला तुमच्या पाळीत स्तंभात ढकलले, मग तो बाहेर आला, आणि मित्राने त्याच्या पाळीत पुन्हा ढकलले, तर एकाच फेरीत दोनदा इजा. काही जणांना ही पळवाट वाटते. माझ्या मते ती सांघिक खेळी आहे: त्यासाठी दोन खेळाडूंनी आपापली पाळी खर्च केलेली असते.

स्तंभच उचलून शत्रूवर नेला तर तो 'शिरला' असे होते का? २०१४ च्या नियमांचे अधिकृत स्पष्टीकरण 'नाही' असे होते. प्राणी हलला पाहिजे, क्षेत्र नाही. २०२४ मध्ये हे बदलले: क्षेत्र प्राण्याच्या जागेत आले तरी परिणाम होतो, पाळीच्या सुरुवातीऐवजी शेवट पाहतात, आणि एका पाळीत एकदाच. जुन्या सवयीच्या खेळाडूंना हा बदल पचायला वेळ लागतो, पण नवा शब्दप्रयोग सामान्य समजुतीच्या जवळ आहे, हे मान्य करायला हवे.

'खऱ्या जगात स्फोट असा होत नाही'

हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तरही तसेच द्यायला हवे. खरा स्फोट कोपऱ्यांवरून परावर्तित होतो, हवेचा दाब निर्माण करतो, बंद जागेत अधिक घातक ठरतो. हे सगळे खरे आहे. पण नियमाचे काम स्फोटाचे चित्रण करणे एवढेच नाही. मंत्र टाकण्याआधी खेळाडूला त्याच्या परिणामाचा अंदाज बांधता आला पाहिजे. मित्र काठावर उभा असताना आगीची कड कुठे येईल हे कळत नसेल, तर जादूगाराचा निर्णय हा निर्णय राहत नाही, तो जुगार होतो. १९७८ चा घनफळाचा नियम वास्तवाच्या जवळ होता आणि म्हणूनच बेभरवशाचा होता.

'शेवटी डीएम म्हणेल तेच, मग नियम कशाला?'

डीएमचा शब्द अखेरचा असतो, हे खरेच आहे. पण बुटकी भिंत अर्धा आडोसा देते की तीन-चतुर्थांश, हे ठरवणे म्हणजे निवाडा; आणि आडोसा उगमबिंदूपासून मोजायचा की जादूगारापासून, हे दर वेळी नव्याने ठरवणे म्हणजे मनमानी. पहिल्या गोष्टीसाठी डीएम लागतोच, कारण भिंत केवळ त्याच्या कल्पनेत आहे. दुसरीसाठी त्याची गरज पडू नये.

'नकाशा नसेल तर?'

केवळ बोलण्यावर चालणाऱ्या लढाईत चौकटी मोजता येत नाहीत. २०१४ च्या डीएम-पुस्तकात यासाठी एक साधा हिशेब आहे: गोलात त्रिज्या भागिले ५ इतके प्राणी सापडतात, शंकूत लांबी भागिले १०, रेषेत लांबी भागिले ३०, अपूर्णांक आला तर पुढचा पूर्णांक. फायरबॉलमध्ये चार, १५ फुटांच्या शंकूत दोन, १०० फुटांच्या विजेच्या लोळात चार. हे आकडे अंदाजाचेच आहेत. शत्रू दाटीवाटीने उभे आहेत असे डीएमने वर्णन केले असेल तर एखाद-दोन वाढवावेत, विखुरलेले असतील तर कमी करावेत.

एक प्रसंग शेवटपर्यंत

एका मोठ्या दालनात जादूगार दारातून, मध्यबिंदूपासून ६० फुटांवरून, जमिनीलगतच्या त्या मध्यबिंदूवर फायरबॉल टाकतो. पहिला शत्रू बिंदूपासून १० फुटांवर उघड्यावर आहे. दुसरा १५ फुटांवर, छतापर्यंत गेलेल्या जाड खांबामागे. तिसराही १५ फुटांवर, आडव्या पाडलेल्या टेबलाआड गुडघे टेकून. चौथा बरोबर बिंदूच्या वर, २५ फुटांवर उडतो आहे. आणि गटातली चोर-पात्र करणारी मैत्रीण, सातव्या पातळीची, १५ फुटांवर.

फाशांची बेरीज २८ आली असे धरू. पहिल्याचा सेव्हिंग थ्रो फसला: २८. तिसऱ्याला डीएमने तीन-चतुर्थांश आडोसा दिला, ५ ची भर मिळून तो यशस्वी झाला: १४. चौथा २० फुटांच्या बाहेर आहे, त्याला काही नाही. दुसऱ्याच्या बाबतीत पुस्तक विचारावे लागते. २०२४ असेल तर तो क्षेत्रातच नाही, २०१४ असेल तर आग खांबाला वळसा घालते आणि तोही सेव्हिंग थ्रो करतो. चोराला सातव्या पातळीवर स्फोट चुकवण्याचे कौशल्य मिळालेले असते, म्हणून यश आले तर इजा शून्य आणि अपयश आले तरी १४.

आता जादूगाराने तोच बिंदू १० फूट उंच उचलला असता तर? उडणारा शत्रू १५ फुटांवर येतो आणि सापडतो. जमिनीवरची त्रिज्या सुमारे १७ फूट उरते, त्यामुळे पहिला, तिसरा आणि चोर अजूनही आतच आहेत. खांब छतापर्यंत असल्यामुळे दुसऱ्याचे उत्तर बदलत नाही. मात्र तिसऱ्यावर आग आता वरून येते आहे, आणि टेबलाची कड तेवढी उंच नाही. त्याची ५ ची भर २ वर आणायची की पूर्ण काढून घ्यायची, हे डीएमने जादूगाराला बिंदू पक्का करण्याआधी सांगायला हवे.